पहिला थेंब

पूजा, यांची दारू सुटावी म्हणून मी मोहट्याच्या देवीला नवस बोलले होते. सुटली तर तिसगावहून अनवाणी येईन म्हणाले. सुटली. मी चालत जाऊन ओटी भरून आले.

मग एके दिवशी दिवा लावताना अंगणातून यांच्या नावानं हाक आली, "राधाकृष्ण… माझं?"

बाहेर कुणी नव्हतं. नुसता दारूचा आंबूस वास. रोज दिवेलागणीला ती हाक उंबऱ्याकडे सरकू लागली. शेवटी हे बोलले, "पिण्याआधी बोट बुडवून पहिला थेंब खाली उडवायचा, अशी बारमधी रीत हाय. टेबलाखाली जो असतो त्याला इतकी वर्षं मी दिला. आता मिळंना म्हणून आलाय. एकदा जाऊन देतो. पिणार न्हाई."

गेले असते तर प्यालेच असते, आणि आता प्याले तर वाचायचे नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हटलं, तुम्ही बसा, मी जाते.

फाट्यावरच्या परमिट रूममध्ये शिरले तशा सगळ्यांच्या माना वळल्या. "आता भगतीणबाई बी बसणार का," एकजण म्हणाला. वेटरनं मात्र काही न विचारता यांचं कोपऱ्यातलं टेबल दाखवलं, पेग भरून ठेवला.

"वहिनी, थेंब टाका अन् निघा. थांबू नका."

देवीचं नाव घेऊन मी बोट बुडवलं, उडवलं. थेंब फरशीवर पडलाच नाही. टेबलाखाली कुणीतरी घोट गिळला. मग माझं बोट धरलं गेलं… थंड, ओलं, बिनदातांचं तोंड.

"आता तू पी," आवाज पायापासून आला. "जो थेंब देतो, तोच पेला संपवतो."

"माझा… माझा उपास आहे."

तोंडानं बोट एकदा चोखलं.

"मग उपास सुटला की ये."

बोट सुटलं. त्या दिवसापासून घरी हाक नाही. हे ठणठणीत आहेत, आईची कृपा. मी मात्र तो उपास अजून सोडलेला नाही. सोमवार, मंगळवार, चतुर्थी, काही ना काही धरतेच. भगर नि ताकावर माणूस जगतं गं.

तुझ्या अमृतनंही दारू सोडली म्हणालीस. चांगलं झालं, त्याचं भलं होईल. पण काल तुझ्या उंबऱ्याशी कुणीतरी उकिडवं बसलं होतं. मला वाटलं अमृतच. तर अमृत मागून सायकलवरून आला.

तूही उपास धर, बाई. आजच धर. आणि सोडू नकोस.