बाबांचा रंग उतरला नाही

पटो न पटो, पण हे घडलंय. इस्रायलमधल्या डिमोनात, १९६३च्या पुरीम सणानंतर. आमच्या जेमायमाकाकूच्या घरी, आणि तेही भर दुपारी.

काकूचे वडील, हासाजी, मुंबईचे नट. पोरवयात निळा बाळकृष्ण, मग रंगभूमीवर राण्या, पुढे सिनेमात खाष्ट सावकार. डिमोनात मराठी नाटक कुठलं? पुरीमच्या खेळात दुष्ट प्रधान झाले आणि रंगल्या तोंडानेच कोसळले.

अंत्यविधीवाल्यांनी त्यांना पाण्याने धुतलं.

"तो रंग पाण्याने जात नाही! खोबरेल लागतं!" काकू दाराबाहेरून ओरडली. बाईमाणसाला आत मज्जाव.

आतून हिब्रूत उत्तर आलं, "धुतलंय, बाई."

"जाऊ दे गं," मेनाशेकाका म्हणाला. "सासरेबुवांची ती मिशी बघून वरचेच घाबरतील."

काकू हसली नाही. तिचा बाप दुष्टाच्या तोंडाने मातीत गेला होता.

शिवा, म्हणजे आमचं सात दिवसांचं सुतक, सुरू झालं. घरातले आरसे झाकले. काकूने बाबांच्या खोलीत मुंबईची खोबरेलाची बाटली ठेवली, शेजारी पंचा.

"पुसा, बाबा."

दुपारी बंद दारामागून आवाज आला...

खस्... खस्...

पंच्यावर काळी मिशी उमटली होती.

काकूला बरं वाटलं.

दुसऱ्या दुपारी सावकाराचा पिवळट चेहरा. मग राणीचे लाल ओठ, शिळ्या घामाने चिकट. खवट वास इतका, की मेनाशेकाका ओकला.

मग पंचा निळा झाला.

"सुटले," काकू म्हणाली. "हा त्यांचा पहिला रंग. याच्याखाली आमचे बाबाच."

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा...

खस्... खस्...

पंचा ओला होता. जड होता. रंग कुठेच नव्हता.

मधोमध एक भुवई चिकटली होती...

मुळांसकट.

काकूने बाटली उचलून स्वयंपाकघरात नेली. तेलच नाही, तर पुसणार कशाने?

आवाज थांबला नाही.

नुसता कोरडा झाला. चामडं दगडावर घासावं तसा.

"ठेव ती परत!" कानांवर हात दाबून मेनाशेकाका किंचाळला. "ठेव, जेमायमा!"

तिने ठेवली.

अजूनही ठेवते. काठोकाठ भरून. पंचा कुणाला हात लावू देत नाही, स्वतःच धुते.

आणि मग त्याच हातांनी ताट वाढते.

मी काकूकडे जातो. पण जेवत नाही.