रस्ता साफ

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत केदारचं काम एकच होतं. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे आणि सात दिवसांनी किती उगवले ते मोजायचं. अठ्ठ्याऐंशी म्हणजे अठ्ठ्याऐंशी. ‘जवळपास नव्वद’ असं त्याच्या तोंडून अकरा वर्षांत कधी निघालं नव्हतं. भाजीवालीनं मूठभर कोथिंबीर वर टाकली तरी त्याला अस्वस्थ वाटायचं, इतका तो मोजून-मापून जगणारा माणूस.

असा माणूस दर रविवारी बायकोशी खोटं बोलून घराबाहेर पडायला लागला, याचं त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. राजूरला गणपतीच्या दर्शनाला जातो, असं तो भार्गवीला सांगायचा. येताना गावातल्याच दुकानातून पेढे घ्यायचा. इतकी वर्षं देवापुढे उभं राहतानाही घड्याळ बघणारा नवरा एकदाचा वळणावर आला म्हणून भार्गवी खूश होती. पेढे मात्र राजूरचे लागत नाहीत, एवढंच ती म्हणायची.

केदार जायचा तो समृद्धी महामार्गावरच्या एका पुलावर. सिंदखेडराजा मागं पडून जालन्याची हद्द लागली की गाडीवाट महामार्गाच्या डोक्यावरून पलीकडे न्यायला बांधलेला एक पूल लागतो, उत्तरेकडची उतरण मात्र अजून झालेली नाही. तिथून पूर्वेला दोन किलोमीटरवरच्या वळणापर्यंत रस्ता सरळ दिसतो. दुर्बीण गळ्यात अडकवून, फोन कानाला लावून केदार पूर्वेच्या कठड्याशी उभा राहायचा आणि फोनमध्ये दोनपैकी एक शब्द बोलायचा. साफ, किंवा बंद.

फोनच्या दुसऱ्या टोकाला अंगद असायचा, त्याचा शाळेपासूनचा दोस्त. महामार्ग अंगदच्या वावराच्या मधोमध गेला होता, आणि मोबदल्यातून त्यानं एक पांढरी, परदेशी बनावटीची गाडी घेतली होती. नागपूर ते मुंबई, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्यात कमी वेळात कोण जातं, हे बघणारा अकरा जणांचा फोनवरचा एक बंद गट होता. बक्षीस नाही, नाव नाही, नंबरप्लेटवर चिखल. फक्त गटात वेळ टाकायची. अंगदची सगळ्यात चांगली वेळ चार तास सहा मिनिटांची. गटात सगळ्यात वर मात्र एक वेळ होती, तीन तास एकावन्न मिनिटं. ती टाकणाऱ्याचा नंबर केव्हाचाच बंद पडला होता, आणि त्याला कुणीही पाहिलेलं नव्हतं.

हे गुन्ह्याचं काम आहे, असं केदारनं सुरुवातीलाच सुनावलं होतं. त्यावर अंगद म्हणाला होता, “रस्ता आमच्या वावरातून गेला ना? मंग एकशेवीसची पाटी मला कामून?” या प्रश्नाला उत्तर होतं. केदारनं ते दिलं नाही. कारण पहिल्याच रविवारी गाडी पुलाखालून गेली तेव्हा पायाखालचं सिमेंट थरारलं, कठडा मनगटापर्यंत झिणझिणला, आणि आठवडाभर दाणे मोजणाऱ्या त्या माणसाला पुढचा रविवार कधी येतो असं झालं. स्वतः तो स्कूटर चाळीसच्या वर नेत नव्हता. मी कुठं गाडी चालवतो, मी नुसता बघतो, अशी मनाची समजूत घालायला त्याला फार वेळ लागला नाही.

पुलावर आणखी एक माणूस यायचं. चतुराबाई, अंगदची थोरली चुलती. तिची म्हैस आणि दोन वासरं रस्त्याच्या उत्तरेला, आणि कडबा, घर, विहीर दक्षिणेला. पुलाला तिकडे उतरण नाही, त्यामुळे रस्ता झाल्यापासून दीड कोसावरच्या बोगद्यातून वळसा पडायचा, म्हणून वस्तीतल्या कुणीतरी पुलाच्या पश्चिम अंगाला दोन्हीकडची तारेची जाळी कापून ठेवली होती. सरकारी माणसं ती शिवायची, लोक पुन्हा कापायचे. चतुराबाई तिथून चालत रस्ता ओलांडायची. मोतीबिंदूनं नजर गेलेली, त्यामुळे ती कानावर आणि तळपायावर चालायची. रविवारी एक गाडी फार जोरात येते, एवढं तिला कळलं होतं. म्हणून ती आधी पुलावर येऊन केदारला विचारायची, “गेली का भाऊ ती?” तो हो म्हणाला, किंवा पुलाचा थरथराट तिला स्वतःलाच लागला, की ती उतरणीनं खाली जायची.

ती गाडी पुतण्याची आहे, हे तिला माहीत नव्हतं. चुलती तिथून रस्ता ओलांडते, हे अंगदला माहीत नव्हतं. दोघांचंही माहीत असलेला माणूस एकच, आणि तो गप्प होता. सांगितलं असतं तर अंगद त्याच दिवशी थांबला असता. सांगायचं तर होतंच, पण मग रविवार संपले असते.

पाचव्या रविवारी, सात वाजून बारा मिनिटांनी, कठडा झिणझिणला. पुलाखालून हवा सुसाट गेली, कडेला पडलेला कुरकुऱ्यांचा कागद उडून वर आला, आणि केदारनं सवयीनं घड्याळाची कळ दाबली. खाली बघतो तर रस्ता रिकामा. पलीकडच्या बाजूलाही काही नाही, ट्रक नाही, टँकर नाही. बरोबर बावन्न सेकंदांनी अंगदची गाडी आली आणि गेली. केदारनं खिशातल्या वहीत लिहिलं: सात-बारा-आठ, हवा. सात-तेरा-शून्य, अंगद. लिहिल्यावर त्याला बरं वाटलं. आकडा पडला की गोष्ट निम्मी कळते, असा त्याचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी मंठा चौफुलीवर चहा पिताना त्यानं हे अंगदला सांगितलं. अंगद हसेल अशी त्याची अपेक्षा होती, किंबहुना इच्छाच होती.

अंगद हसला नाही. बशी खाली ठेवून त्यानं विचारलं, “किती पुढं?”

“बावन्न सेकंद.”

“बराबर,” अंगद म्हणाला. “मलाबी वाटून राह्यलं होतं, म्होरं कोणीतरी हाय म्हून. दिसत न्हाई, पण त्याची धूळ काचेवर येती.”

त्यानंतर अंगदनं आपली एकूण वेळ गटात टाकणं बंद केलं. रविवारी संध्याकाळी तो एकच गोष्ट विचारायचा. पुढच्या रविवारी ते अंतर एकतीस सेकंदांवर आलं. त्याच्या पुढच्या रविवारी एकोणीस. तेव्हा वळण घेऊन येणारी पांढरी गाडी केदारला दुर्बिणीतून दिसत होती, आणि तिच्या पुढून, मोकळ्या डांबरावरून, काहीच नसलेलं काहीतरी येत होतं. दुभाजकावरची कण्हेर ओळीनं वाकत पुलापर्यंत आली. वाकून सरळ झाली. मग गाडीच्या वाऱ्यानं पुन्हा वाकली.

गाडी गेल्यावर केदार पश्चिमेच्या कठड्याकडे वळला. खाली रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात चतुराबाई उभी होती. कडब्याचा भारा फुटून पेंढ्या तिन्ही पट्ट्यांवर पसरल्या होत्या, आणि तिच्या लुगड्याचा पदर अजून वाऱ्यावर ताठ होता.

तो धावत खाली गेला आणि तिला धरून जाळीपाशी आणलं. 

“आज खाली जाळीपाशीच बसले व्हते. एक गेली म्हून उतरले,” ती म्हणाली. “दोन कव्हापासून यायल्या?”

त्यानं काय करायला हवं होतं, ते कुणालाही कळेल. त्यालाही कळत होतं. पण त्यानं केलं ते त्याच्या सवयीचं. त्यानं तिला मोजायला शिकवलं. पहिली गेली तरी काकू, बसून राहायचं. दुसरी जाऊ द्यायची. दुसरीचा थरथराट थांबला की मगच उतरायचं. ती बरं म्हणाली. त्या संध्याकाळी अंगदनं सांगितलं की पुलाखाली काहीतरी पिवळं उडालं, कुणाची गोणी असेल. केदारनं नुसता आकडा सांगितला आणि फोन ठेवला. त्या रात्री त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की भार्गवीनं पुढं केलेला पेढा त्यानं परत डब्यात ठेवला.

पुढचा रविवार शेवटचा, असं त्यानं ठरवलं होतं. अंगदची फेरी झाली की चौफुलीवर बसवून त्याला सगळं सांगायचं. आधी का नाही? कारण एकोणीसचे किती होतात हे बघायचं होतं. त्याचं पाप शोधायचंच तर ते एवढ्यात सापडेल.

सात वाजून नऊ मिनिटांनी फोन लागला. मागं इंजिनचा एकसुरी आवाज येत होता.

“साफ का?” अंगदनं विचारलं.

केदारनं दुर्बिणीतून वळणापर्यंत पाहिलं. एकही गाडी नव्हती. “साफ,” तो म्हणाला.

चतुराबाई पुलावरून खाली जाऊन पश्चिम अंगाला जाळीच्या आत बसली होती, भारा शेजारी ठेवून.

सात-बाराला कठडा झिणझिणला. हवा गेली. पहिली.

केदारनं वळणाकडे पाहिलं. रस्ता रिकामाच होता.

मग पुन्हा कठडा झिणझिणला. पुन्हा कण्हेर वाकली, पुन्हा सुसाट हवा, आणि त्याखालीही काही नाही.

दुसरी.

हे त्याच्या ध्यानात यायला दोन क्षण लागले. तो वळला. चतुराबाईनं भारा डोक्यावर घेतला होता. दोन झाल्या होत्या. ती शिकवल्याप्रमाणे उठली होती आणि जाळीतून बाहेर पडून चालायला लागली होती.

वळणावर पांढरी गाडी दिसली.

“काकू!” तो ओरडला. मग फोनमध्ये, “अंगद, थांब. बंद. रस्ता बंद हाय. तुझी काकू हाय रस्त्यावर.”

“कोण?”

“चतुराकाकू. थांब!”

“तू साफ म्हणलास,” अंगद म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. घाबरलेला मात्र होता. “केदार, हे ब्रेक लागून नाही राह्यले. म्होरचा वढून नेतोय मला.”

गाडी पुलाखाली शिरली. केदारनं ती स्वतःच्या पायांखाली जाताना पाहिली, छतावर पडलेलं कोवळं ऊन पाहिलं. बारा पावलांचा पूल. तो पळत पश्चिमेच्या कठड्याशी गेला.

चतुराबाई तिसऱ्या पट्ट्यात होती. ती चालत राहिली. तिचा पदर हलला नाही. ती दुभाजकाशी पोचली, कण्हेरीतून वाट काढून पलीकडे गेली.

गाडी बाहेर आली नाही.

तो खाली उतरून पुलाच्या सावलीत फिरला. डांबरावर टायरची खूण नव्हती, काच नव्हती, तेलाचा थेंब नव्हता. फोनमध्ये इंजिनचा आवाज तसाच चालू होता.

गाडी नागपूरच्या टोकाला आत गेल्याची नोंद होती, बाहेर पडल्याची कुठल्याच नाक्यावर नव्हती. पोलीस दोनदा येऊन गेले. फेऱ्यांचं, गटाचं, ‘साफ’चं केदारनं सगळं सांगितलं, चुकलेलं काही लपवलं नाही. फोनचं तेवढं सांगितलं नाही. अंगदची बायको शीतल रोज संध्याकाळी त्याच्या दारात येऊन बसायची. तिच्या हातात फोन द्यावा असं त्याला रोज वाटायचं, पण त्याची छाती झाली नाही. कॉल तुटला नव्हता. पडद्यावर तास वाढत होते. शंभर झाले, दीडशे झाले. चार्जरला लावूनच तो फोन उशाशी ठेवायचा. अंगद बोलत नव्हता, नुसतं इंजिन चालू होतं.

रविवारी भार्गवीला खरं सांगून तो पुलावर गेला. चतुराबाई आधीच आली होती. पुतण्याचं तिला कळलं होतं, आणि तिनं केदारला एका शब्दानं दोष दिला नव्हता. म्हशीला मात्र दोष-बिष काही कळत नसतो. तिच्या कडब्याचा भारा शेजारी होताच.

“आज किती जाऊ द्यायच्या, भाऊ?” तिनं विचारलं.

आयुष्यभर मोजत आलेल्या त्या माणसाकडे आकडा नव्हता. आज उतरूच नका, इथं माझ्याजवळ बसा, एवढंच तो म्हणाला. ती कठड्याला टेकून बसली.

सात वाजून नऊ मिनिटांनी फोनमधून आवाज आला.

“केदार. पूल अजून आला न्हाई रे. साफ का?”

आवाज थकलेला होता. केदारनं दुर्बीण लावली. वळणापर्यंत एक गाडी नव्हती. चतुराबाई त्याच्या शेजारी होती. साफ म्हटलं की तो बाहेर येईल, असं केदारला आतून, अगदी पक्कं, वाटलं. त्यानं तोंड उघडलं.

आणि मग, आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. बोलण्याआधी तो पश्चिमेला वळला.

जाळीच्या फटीतून वस्तीवरची दैवशाला डोक्यावर भारा घेऊन बाहेर पडत होती. तिच्यामागं दुधाची कॅन घेतलेला एक म्हातारा. दुभाजकावर दोन बायका पलीकडची वाट मोकळी व्हायची वाट बघत टेकल्या होत्या. एक कुत्रं होतं. डांबराच्या कडेला मातीत रुळलेली, पांढरी पायवाट होती. आठ रविवार तो या पुलावर उभा होता, आणि आठही रविवार ही माणसं इथंच असली पाहिजेत.

“साफ का?” अंगदनं पुन्हा विचारलं.

“न्हाई,” केदार म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “माणसं हायेत. अजून न्हाई, अंगद.”

“बरं,” अंगद म्हणाला. “मंग थांबतो.”

केदारनं फोन कानाशी घट्ट धरला. इंजिनचा आवाज तसूभरही कमी झाला नव्हता.