हाक न देता आलेला

मॅटीला पाण्याचा वास आला की ती कोणाच्या बापाचं ऐकत नसे. त्या सकाळी दावं तोडून ती डोंगराच्या दिशेने सुटली, तेव्हा मला राग आला आणि हायसंही वाटलं. खेचर असं पळतंय म्हणजे पाणी जवळच असणार.

माझा जोडीदार एझ्रा आदल्या दिवशी घळीत पडला होता. गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला. मी त्याला एका काटेरी झाडाच्या विरळ सावलीत बसवलं आणि त्याची कापड गुंडाळलेली पाण्याची रिकामी बुधली त्याच्यापाशीच ठेवली.

"वाटेत सोनं सापडलं तर माझा वाटा ठेव," तो म्हणाला. जीभ जड झाली होती, तरी चेष्टा सुटत नव्हती.

"आधी जगून दाखव, म्हाताऱ्या."

मॅटीच्या खुरांमागे जात मी खडकातल्या टाक्यापाशी पोहोचलो. पाणी हिरवट होतं, पण गार. मॅटी काही केल्या तिथून हलेना. शेवटी तिला तिथेच बांधलं, दुसरी बुधली भरली आणि जवळजवळ पळतच परतलो. एझ्रा तग धरेल ना, एवढंच डोक्यात होतं.

एझ्रा ताठ बसला होता. ओठ ओले. शेजारच्या बुधलीचं कापड भिजून काळं पडलेलं. हातात पिस्तूल.

"तिथेच थांब."

"अरे, मी वायली!"

"वायली मघाशीच येऊन गेला. पाणी पाजलं, गुडघा बांधला. आता मॅटीला आणायला गेलाय."

गुडघ्याला निळा रुमाल बांधलेला होता. मी गळ्याला हात लावला. माझा निळा रुमाल जागच्या जागी होता.

खरं सांगतो, भीतीच्या आधी मला कुतूहलच वाटलं. वाळूत बुटांचे ठसे होते, येतानाचे आणि जातानाचे. मी त्यातल्या एकावर पाऊल ठेवलं. झिजलेल्या टाचेसकट ते बरोबर बसलं.

"कसा होता तो?"

"तुझ्यासारखाच. पण त्याने लांबून हाक दिली. मी 'ये' म्हटलं तेव्हा आला. तू तसाच घुसलास."

आमच्या मुलखात कोणाच्या मुक्कामावर असं जात नाहीत. लांबून हाक द्यायची, उत्तराची वाट बघायची, नाहीतर गोळी खायची तयारी ठेवायची. आजवर मी कधी चुकलो नव्हतो. आज घाईत विसरलो.

"तू मरायला टेकला होतास रे! हाका मारत बसायचं होतं?"

"तो म्हणालाच होता. मागून एक येईल, हाक देणार नाही. त्याच्याबरोबर जाऊ नकोस."

टेकाडामागून हाक आली.

"मुक्कामावर कोण आहे? येऊ का?"

आवाज माझा होता.

"उत्तर देऊ नकोस," मी कुजबुजलो. "एझ्रा, पाया पडतो."

एझ्राचा चेहरा उजळला. "ये रे बाबा, ये!"

मॅटीला घेऊन तो आला. टोपी डोळ्यांवर ओढलेली. त्याच्या गळ्यात रुमाल नव्हता. माझ्याकडे न बघता त्याने एझ्राला अलगद उचलून मॅटीच्या पाठीवर बसवलं.

मी मॅटीला हाक मारली. हात पुढे केला.

परक्या माणसापुढे टाकते तसे कान मागे टाकून तिने मला दात दाखवले.