मंगळवारचा पंखा

आमची ओळख जिन्यात झाली. मी दमून पायरीवर टेकले होते, आणि तो कापडाचा गठ्ठा घेऊन वर चालला होता.

“मीटरवाल्या ना तुम्ही? बसा, बसा… जिना काही माझ्या बापाचा नाही.”

तो वरच्या मजल्यावरचा शिंपी. पत्र्याखालच्या खोलीत तो आणि त्याची मावशी राहायचे.

माझं काम सांगायला सोपं, करताना जीव मेटाकुटीला यायचा. या गरीब वस्तीत वीज कुठे, कधी, किती लागते याचं संगणकावर गणित मांडायचं. मीटरला लावलेली डबी तासातासाचा वापर नोंदवायची, मी दर मंगळवारी दुपारी ती नोंद उतरवून घ्यायचे. ज्या इमारतीचं गणित जुळेल तिला ऊन अडवणारं छप्पर मिळणार होतं.

नोंद झाली की मी त्याच्या खोलीत टेकायचे. तिथे पंखा गरगरत असायचा, विजेच्या किटलीत चहा तयार. वाऱ्याने माझा डोळा लागायचा, आणि तो हळूच मशीन थांबवायचा. मला तो आवडायला लागला होता… पण ते कबूल करायचंही त्राण नव्हतं.

सगळ्या घरांचं गणित जुळलं, त्याचंच जुळेना. फक्त मंगळवारीच एवढी वीज कशी?

“कारण शोध,” साहेब म्हणाले, “नाहीतर ती इमारत वगळ.”

आकडे बघून बघून डोळे शिणले. शेवटी मी बुधवारीच जिना चढले.

पंखा बंद होता. मावशी पुठ्ठ्याने वारा घेत होती. तो घामाने निथळत शिवत होता. मला पाहताच बटणाकडे धावला.

“राहू दे,” मावशी म्हणाली, “आज मंगळवार नाही. अगं, तू येणार म्हणून हा सकाळपासून खोली गार करतो. एरवी बिलाच्या धास्तीने मला बटणाला हात लावू देत नाही.”

त्याचे कान लाल झाले. मला हसू आलं, रडूही आलं. इतके दिवस शोधत होते ती चूक मीच होते.

“साहेबांना कारण काय सांगू?”

“सांगा… पाहुणी येते म्हणून.”

“आणि पाहुणी रोज यायला लागली तर?”

तो बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिला — “रोज येते ती कसली पाहुणी?”

साहेबांना मी खरं तेच सांगितलं. गणितातून त्याचे मंगळवार वगळले, इमारत राहिली.

पुढच्या मंगळवारी गेले तर पंखा बंद. त्याने मावशीच्या हातातला पुठ्ठा घेऊन माझ्या हातात दिला.

“बस,” तो म्हणाला, “तूच घाल वारा. आम्हा दोघांनाही.”