पाहुण्याचं फिंजान

माझ्या नातीचं, शिल्पाचं, लातूरला लग्न झालं त्या वर्षीची, दोन हजार तेवीसची ही गोष्ट.

लग्नाचे पेढे घेऊन मी नांदेडला ताहेर चाऊसकडे गेलो. गिरणीत आम्ही बावीस वर्षं एकाच पाळीला होतो. चाऊसांचे पूर्वज अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आलेले. त्यांच्यात अजूनही पाहुण्याला सुंठ घातलेली कडक कॉफी देतात, बिनकानाच्या इवल्या कपात. त्याला फिंजान म्हणतात. पाहुण्यानं पुरे म्हणून फिंजान हलवेपर्यंत यजमान ओतत राहतो. तोवर पाहुणाही आपलं काम सांगत नाही.

दुपारचे तीन वाजले होते. ताहेरची बायको जोहराभाभी महिनाभर आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. ताहेर बाहेर किटली धरून उभा. समोर रिकामी खुर्ची, तिपाईवर फिंजान.

"बस अण्णा. त्या खुर्चीत नको. बसलेत तिथं."

"कोण?"

"इचारलं न्हाई. फजरच्या नमाजापासून पिऊन राहिलेत."

"म्हंजे पेढे तुझ्या भुतालाबी द्यावं लागतात का?"

तो हसला नाही. त्यानं दोन घोट ओतले. बघता बघता कॉफी खाली गेली, तळाशी गाळ राहिला. मी तिपाईखाली हात फिरवला. फरशी कोरडी होती.

"त्यांनी कामाचं बोलू नये, अण्णा. एवढंच," ताहेर म्हणाला आणि आतल्या पडद्याकडे बघितलं.

आत भाभी खोकली. त्यानं किटली माझ्या हातात दिली. "आलोच. ओतायचं थांबू नको."

ताहेर दोनच घोट ओतत होता. पण पाहुण्याला अर्धा कप द्यायची आपल्याकडे रीत नाही. मी काठोकाठ भरला.

ताहेर परतला आणि दारातच थांबला.

"भरलास?"

"पाहुणा हाय ना."

"आमच्यात काठोकाठ भरलं म्हंजे, प्या आन् उठा."

फिंजान एका दमात रिकामं झालं. मग ते तिपाईवर जागच्या जागी डावी-उजवीकडे हललं.

खुर्ची मागे सरकली.

ताहेर खुर्चीपुढे गुडघ्यावर आला. "बसा साहेब. लई हाय अजून. बसा."

वारा नव्हता. पडदा बाजूला झाला.

आतून जोहराभाभीचा आवाज आला, महिनाभरात नव्हता इतका स्वच्छ.

"या ना. बसा."

जोहरा ताहेर चाऊस वारली ती चौदा मार्चला, मंगळवारी, दुपारी पावणेचार वाजता.