नदीकाठची सायकल

"हलू नकोस रे! कान हातात येईल!" सलूनवाले काका ओरडले.

पांढऱ्या कापडात गळ्यापर्यंत गुंडाळलेला वकील खुर्चीवर चुळबुळत होता. बाकावर त्याची आतेबहीण खारू पाय हलवत बसली होती आणि तिला चिकटून वकिलाची धाकटी बहीण, शेपूट. ही नावं अर्थातच शाळेतली नव्हेत. खारू एका जागी ठरत नसे, वकील कुठल्याही गोष्टीवर "पुरावा काय?" म्हणून अडून बसे, आणि शेपूट सदैव या दोघांच्या मागे असे. तेव्हा नावं ठेवायला कुणाला फार विचार करावा लागला नाही.

त्या काळी परीक्षा संपली की दुसऱ्याच दिवशी खारूची रवानगी मामाकडे, म्हणजे वकिलाच्या घरी, होई. गल्लीत टेलिफोन एकच, मामाच्या औषधाच्या दुकानात. त्यालाही मामा रुमाल घालून झाकून ठेवी. दुपारी सगळी गल्ली पेंगत असे. जागं असे ते फक्त सलून. तिथे पावडरीचा आणि साबणाचा वास असे, समोरासमोरच्या आरशांत एकातून एक निघत गेलेली खोली दिसे, आणि गप्पा तर फुकटच!

आणि गप्पांचा विषय? बहुतेक वेळा एकच. धारवाला गेला कुठे?

धारवाला म्हणजे शिलाईवाल्या मावशींचा धाकटा भाऊ. सायकल स्टँडवर उभी करायची, पायडल मारायचं, की पुढे बसवलेला दगड गरगरायचा. त्याच्यावर तो गल्लीतल्या सुऱ्या, विळे, कात्र्यांना धार लावून द्यायचा. ठिणग्या बघायला पोरं जमायची. ही मुलं जन्मली त्या सुमारास एका सकाळी तो सायकलीसकट नाहीसा झाला होता.

"पाय घसरला आणि गेला पाण्यात. दैव! दुसरं काय?" सलूनवाले काका कात्री वाजवत म्हणाले.

"घसरला कसला? ढकलला!" बेकरीवाल्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "धंद्यात वैरी असतातच. माझ्यावर नाही का, त्या कोपऱ्यावरच्या पाववाल्याचा डोळा?"

"छे हो, चक्कर!" औषधाच्या दुकानातून घटकाभर आलेला मामा म्हणाला. "रक्तदाब. मी त्याला गोळी घे म्हणून सांगणारच होतो."

"ते काहीही असो," काका म्हणाले, "सायकल नदीकाठी सापडली, यावर तर वाद नाही ना?"

"मुळीच नाही!" तिघांचंही एकमत झालं. कोपऱ्यात निवृत्त कंडक्टर आजोबा पेपर वाचत होते. हा विषय निघाला की ते पेपर आणखी वर धरत.

तेवढ्यात शेपटाने विचारलं, "मग ती सायकल आता कुठंय?"

कात्री थांबली. काकांनी बेकरीवाल्यांकडे बघितलं, बेकरीवाल्यांनी मामाकडे.

"असेल पोलिसांकडे," मामा म्हणाला. "तुला काय करायचंय? जा, खेळा बाहेर!"

मोठी माणसं "जा, खेळा" म्हणाली की समजावं, त्यांना उत्तर येत नाही. खारूने हे केव्हाच ओळखलं होतं.

अर्धेच केस कापलेला वकील, खारू आणि शेपूट तडक शिलाईवाल्या मावशींकडे गेले. मामाच्याच इमारतीत तळमजल्यावर, रस्त्याकडे दार असलेली एक खोली, तीच मावशींची. खारूच्या आईचे फ्रॉक याच मशीनवर शिवले गेले होते आणि आता खारूचेही. मावशी न सांगता जास्तीचा खिसा लावून देत. "खिसा नाही तर कपडा कशाला?" हे त्यांचं म्हणणं.

आज मात्र मशीनवर चादर होती. खोलीभर गाठोडी बांधलेली.

"मावशी, हे काय?"

"रविवारी जाते ग मी. पुतणीकडे. तिच्या शहरात." मावशींनी एक गाठ दातांनी ओढून घट्ट केली. "खोली सोडली."

"कायमची?" वकिलाचा आवाज चिरकला. "पण का?"

"सकाळ-संध्याकाळ कानावर तेच. नदी, नदी आणि नदी! इतकी वर्षं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. परवा तुझ्या बापाने अगदी समजावून सांगितलं, आता मानून घ्या. घेतलं मानून. दमले मी."

खारूने विचारलं, "आणि ते आले तर?"

"आला तर दुसऱ्या कुणाचं तरी दार वाजवेल." मावशी खाली बसल्या. "माझाच दोष आहे ग. माझी नवीकोरी कात्री खरखरीत दगडावर घासून त्याने तिचं वाटोळं केलं. मी म्हटलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस मला! आणि गधड्याने शब्द पाळला."

बाहेर येताच तिघं पायरीवर बसले.

"रविवार!" खारू म्हणाली. "म्हणजे आपल्या हातात जेमतेम तीन दिवस."

"कशाला?" शेपूट म्हणाली.

"ती सायकल बघायला. नदी खरी असेल, तर मावशींनी जावं. पण आधी खरी तर असू दे!"

चौकीवरचे हवालदार पंख्याखाली बसून कलिंगड खात होते. पोरांचा प्रश्न ऐकून त्यांनी बिया थुंकल्या. "सायकल? कुठली सायकल? आमच्याकडे आलीच नाही ती!"

"पण नदीकाठी सापडली ना?" वकील म्हणाला.

"गावात सगळे म्हणत होते, म्हणून तर आम्ही दोन्ही काठ तुडवले. पाण्यात गळ टाकले. काही नाही. वाटलं, नेली असेल कुणी उचलून. मी तेव्हा नवा होतो रे, अंगातून वाफा निघत होत्या नुसत्या."

"तुम्हाला सांगितलं कुणी?"

"सलूनवाल्यांनी. दाढी करता करता."

झालं! खारूच्या डोळ्यांत चमक आली. सांगणाऱ्याला कुणी सांगितलं, हेच शोधायचं! आणि प्रत्येकाला एकेकटं गाठायचं, म्हणजे दुसऱ्याकडे बघून बोलायची सोय नाही.

सलूनवाले काका वकिलाचे राहिलेले अर्धे केस कापता कापता म्हणाले, "मी? छे, मी कुठे नदीवर गेलो होतो! मला तुझ्या बापानेच सांगितलं. औषधवाला माणूस, तो खोटं कशाला बोलेल?"

मामा बाटल्यांवरची धूळ झटकत होता. "मी नाही रे पाहिली. बेकरीवाल्यांनी पाहिली. पहाटे उठतात ना ते!"

बेकरीवाल्यांचे हात कोपरापर्यंत पिठात होते. "मी पहाटे भट्टीसमोर असतो, नदीवर कशाला मरायला जाऊ? सलूनवाल्याने सांगितलं मला. त्याच्याकडे पक्की खबर असते. घ्या, बिस्किटं घ्या."

बिस्किटं घेऊन तिघं पायरीवर परतले. खारूने एक बिस्किट ठेवलं. "हे सलूनवाले काका. यांना सांगितलं मामाने." दुसरं ठेवलं. "मामाला बेकरीवाल्यांनी." तिसरं ठेवलं. "आणि बेकरीवाल्यांना..."

"सलूनवाल्या काकांनी!" वकील उडालाच. "म्हणजे गोल! नुसता गोल! पाहिली कुणीच नाही!"

"कुणीच नाही," खारू हळूच म्हणाली. एवढी मोठी माणसं, एवढी वर्षं, आणि आत सगळं रिकामं. तिने पुन्हा पायरीकडे बघितलं तर बेकरीवाले गायब! शेपटाने त्यांना खाऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सलून भरलं. नेहमीची मंडळी, नेहमीच्या जागा. वकील मोकळ्या खुर्चीवर चढून उभा राहिला.

"ए! चप्पल काढ आधी!" काका खेकसले.

"काढली! आज इथे कोर्ट आहे. नियम एकच. धारवाल्याबद्दल जो बोलेल त्याने फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं. ऐकलेलं चालणार नाही!"

"हात्तिच्या! त्यात काय?" बेकरीवाले सरसावले. "सायकल नदीकाठी..."

"पाहिलीत?"

"मी नाही, सलूनवाल्याने..."

"मी कुठे? औषधवाल्याने..."

"अहो, मला तर यांनीच सांगितलं!" मामाने बेकरीवाल्यांकडे बोट दाखवलं. आणि ते बोट तसंच हवेत राहिलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. समोरासमोरच्या आरशांत तेच तिघं शंभरदा एकमेकांकडे पाहत होते.

"तुम्हीच पहिले बोलला असाल, काका," खारू म्हणाली. "जरा आठवून बघा ना."

सलूनवाले काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. "मी म्हणालो होतो... मी एवढंच म्हणालो होतो की नदीकडे जाऊन बघा, सायकल तिथेच सापडेल. नुसता अंदाज ग! संध्याकाळी परत माझ्या कानावर आलं की सापडली. मला वाटलं, वा! काय बरोबर ओळखलं आपण!"

 

मग कोपऱ्यातला पेपर खाली आला.

"सापडली नव्हती?" कंडक्टर आजोबांनी विचारलं. "सायकल नदीवर सापडलीच नव्हती?"

"नाही, आजोबा," खारू म्हणाली. "कधीच नाही."

"मी पाहिलंय त्याला." आजोबा उठून उभे राहिले. "त्याच पहाटे. माझ्या गाडीत होता तो. डोंगरापलीकडच्या बाजारगावची गाडी. धुकं होतं. सायकल टपावर चढवायला मीच हात दिला. दगड केवढा जड! बोटं चेंगरली होती माझी."

"काय सांगता?" मामा ओरडला. "अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? माझी ड्यूटी तिकडेच होती. काही दिवसांनी परत आलो तर सगळं गाव सांगतंय, तो बुडाला, सायकल नदीकाठी सापडली. मला वाटलं, माझ्यामागून कुठल्यातरी गाडीने परत आला असेल आणि मग झालं असेल तसं. सायकल सापडली म्हटल्यावर मी कोण शंका घेणारा?" आजोबांनी चष्मा काढला. "त्याने निरोप दिला होता. बहिणीला सांगा, बाजारात बसतोय. राग गेला की बोलाव म्हणावं, लगेच येतो. आता सांगा, भाऊ गेला म्हणून रडणाऱ्या बाईला असला निरोप कुठल्या तोंडाने द्यायचा? पुढे ती गाडीच बंद झाली. मी गिळून टाकला तो."

खारूच्या डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं. डोंगराच्या पलीकडे एक माणूस, बहिणीचा राग जायची वाट बघत बसलेला. आणि अलीकडे मावशी.

"मामा! फोन!"

टेलिफोनवरचा रुमाल मामाने इतक्या घाईने आजवर कधी ओढला नव्हता. बाजारगावच्या डेपोत आजोबांच्या हाताखाली शिकलेला एक कंट्रोलर होता. ट्रंक कॉल लावला. आणि मग सुरू झालं वाट बघणं! सलूनवाले काका वस्तरा हातात घेऊनच आले होते. अर्धी दाढी साबणात असलेलं एक गिऱ्हाईक त्यांच्यामागून आलं होतं.

घंटी वाजली. आजोबा रिसीव्हरमध्ये ओरडून ओरडून बोलले. मग ऐकत राहिले. बराच वेळ.

"काय म्हणतोय?" बेकरीवाल्यांना धीर निघेना.

"म्हणतोय, धारवाला ना? रोज डेपोच्या फाटकापाशी बसतो. उद्या सकाळी फोनवर आणून बसवतो म्हणतोय."

शनिवारी सकाळी मावशींना दुकानात आणून स्टुलावर बसवलं. त्यांना कुणी सांगायचं यावर मोठ्यांमध्ये बरीच ढकलाढकली झाली होती. शेवटी खारूनेच सांगितलं. पहिलं वाक्य तिने घरातून पाठ करून नेलं होतं आणि दारातच विसरली. मग सरळ म्हणाली, "मावशी, ते नदीवर गेलेच नव्हते."

मावशींनी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"कोण?" त्या म्हणाल्या. पलीकडून काहीतरी आलं. मावशी ऐकत राहिल्या. "नाही रे," त्या म्हणाल्या. "राग दुसऱ्याच दिवशी गेला होता." मामाने पाठ फिरवली आणि फडक्याने पुसलेल्या बाटल्या पुन्हा पुसायला घेतल्या.

रविवारी ठरल्याप्रमाणे सामान न्यायला हातगाडी आली आणि ठरल्याप्रमाणे नव्हे तर रिकामीच स्टँडकडे गेली. परत आली तेव्हा तिच्यावर एक गंजलेली सायकल, वाटीएवढा झिजलेला दगड आणि एक पत्र्याची पेटी होती. मागे एक पिकल्या केसांचा, किडकिडीत माणूस चालत होता. गल्लीतली दारं, खिडक्या माणसांनी भरल्या होत्या.

हवालदार मुद्दाम टोपी घालून आले होते. "आम्ही सगळं पाणी ढवळलं," ते मुलांना म्हणाले, "आणि तुम्ही तीन माणसांना विचारलंत. शाब्बास रे वाघांनो! शाब्बास!"

"वाघ एकच," शेपूट म्हणाली. "मी वाघीण. आणि खारूपण."

सलूनवाले काका पुढे आले. मावशींसमोर त्यांची मान वर होईना. "वहिनी, माझ्या एका अंदाजापायी..."

"असू दे," मावशी म्हणाल्या. "गाठोडी सोडायला मदत करा, म्हणजे झालं. तिघंही या!"

आणि गल्लीतले तीन मातब्बर गृहस्थ जमिनीवर बसून निमूटपणे गाठी सोडू लागले. मामाने खारूच्या डोक्यावर टप्पल मारली. "तुझी आई पण अशीच होती," तो म्हणाला. "प्रश्न विचारून जीव नकोसा करायची. तिला कळव, मी म्हटलं म्हणावं, बरंच झालं!"

पुढे खारू मोठी झाली, कितीतरी सुट्ट्या आल्या आणि गेल्या. मामाकडची ती गल्लीही आता ओळखू येत नाही. पण त्या दिवशी दाराच्या चौकटीतून तिने जे पाहिलं ते तिच्या मनात अजून तसंच आहे. मशीनवरची चादर निघाली होती. भावाच्या सदऱ्याच्या ठिगळांकडे मावशींनी एकदा नीट पाहिलं, खांद्यावर टेप टाकली आणि त्याला उजेडात उभं केलं. तो लहान मुलासारखा दोन्ही हात पसरून उभा राहिला. मावशींनी त्याच्या छातीभोवती टेप फिरवली, आकडा पाहिला, आणि पुन्हा एकदा फिरवली.

"श्वास रोखून धरू नकोस," त्या म्हणाल्या. "माप चुकतं."