थोरलीचा घास

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या आईची आहे, आणि आई अजून हयात आहे.

म्हणजे... घरात एक बाई आहे. पुढचं वाचा आणि तुम्हीच ठरवा.

आधीच सांगते, मी भूतखेत मानणाऱ्यातली नाही. चिकलठाण्याला राहते, एका कंपनीत नोकरी करते. कमेंटमध्ये "डॉक्टरला दाखवा" लिहायला बोटं शिवशिवत असतील तर थोडा धीर धरा. दाखवलंय.

आणि यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. गेल्या वर्षीची गोष्ट. संक्रांत नुकतीच झालेली, लख्ख दुपार, आणि शेंद्र्यातलं आमचं साधं स्लॅबचं घर.

आमचे आबा, मोतीराम, फौजेत होते. त्यांची पहिली बायको दगडाबाई. लग्नानंतर वर्षभरात साप चावून गेली. आबा तेव्हा लांब बर्फात कुठंतरी. तार उशिरा पोचली, सुट्टी त्याहून उशिरा. ते घरी आले तेव्हा तेरावंसुद्धा उरकलं होतं.

मग घरच्यांनी त्यांचं दुसरं लग्न लावलं. ती माझी आई, भागूबाई.

आईच्या गळ्यात सवतीचा टाक असायचा. शहरातल्या मुलींना माहीत नसेल म्हणून सांगते. पहिली वारलेली असली की दुसरी तिच्या नावाचा चांदीचा छोटा पत्रा गळ्यात घालते. त्यावर एका बाईची आकृती असते. नवी साडी आणली की आई ती आधी टाकाला लावायची, मग नेसायची. रोज जेवताना पहिला घास ताटाच्या कडेला काढून ठेवायची आणि म्हणायची, "जेव गं थोरले."

लहानपणी आम्ही चिडवायचो, आज भाजी खारट आहे, थोरली रुसणार.

आणि आईचा गुडघा. खाली बसताना वाजायचा.

कट्.

आधी कट्, मग "जेव गं थोरले", मग जेवण. माझं सगळं लहानपण हे ऐकण्यात गेलं.

आबा गेले आणि आईची पेन्शन, फौजी दवाखान्याचं कार्ड करायला आम्ही त्यांचं फौजेतून सुटतानाचं डिस्चार्ज बुक काढलं. पत्नी म्हणून नाव होतं... दगडाबाई.

आबांनी ते कधी बदललंच नव्हतं. आई जन्मभर म्हणत आली, तेवढं माझं नाव घालून घ्या. आबा "करू की" म्हणायचे आणि बाहेर निघून जायचे. त्यामुळं कागदावर मी आणि माझा धाकटा भाऊ सत्यम, दोघंही दगडाबाईचीच लेकरं.

आईचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं अधू झालेले. वर साखरेचं दुखणं. कार्ड पाहिजेच होतं.

सैनिकांच्या ऑफिसातल्या साहेबांनी सरळ रस्ता सांगितला. पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा दाखला जोडा, दुसऱ्या लग्नाचा पुरावा जोडा, रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्तीचा अर्ज करा. पण दगडाबाईच्या मरणाची नोंद तेव्हा कुणी केली होती? ती आता कोर्टातून करून घ्यायची म्हणजे किती हेलपाटे, देव जाणे.

सत्यमला शहरात एक एजंट भेटला.

"एवढं कशाला?" तो म्हणाला. "लग्नात बाईचं नाव बदलतेतच की. माहेरची दगडाबाई, सासरची भागूबाई. दोन्ही नावं एकाच बाईची म्हणून ॲफिडेविट करा, पेपरात जाहिरात द्या. झालं काम."

मी साफ नको म्हणाले. घरात भांडण झालं.

आई भिंतीला टेकून ऐकत होती. "आरं, पर ती येगळी, मी येगळी."

"कागदापुरतं गं आई," सत्यम म्हणाला.

"तिला इचारलं पायजे." आईनं टाक मुठीत धरला. मग डोळे पुसले. "काय करावं बाई... मला दिसंना गेलंय. करा, पर कागदापुरतंच."

सुरुवातीला म्हणाले ती लख्ख दुपार हीच.

नोटरीसमोर एजंटनं वाचून दाखवलं. मी, दगडाबाई ऊर्फ भागूबाई, शपथेवर सांगते की या दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच आहे.

आईला सही येते. सातवीपर्यंत शिकलेली आहे ती. तिनं पेन हातात घेतला...

आणि खाली ठेवला. अंगठा पुढं केला.

"आई, सही कर की," मी म्हणाले.

"मला कुठं येती? मी कुठं शाळंत गेले?"

सत्यम हसला. डोळ्यांमुळं लाजत असेल म्हणाला.

घरी आलो. मी ताटं वाढली. आई खाली बसली.

मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते लवकर कळेना...

गुडघा वाजला नव्हता.

एखाद्या पोरीसारखी ती झटकन मांडी घालून बसली होती. भाकरी मोडली आणि सरळ खायला लागली.

"आई, थोरलीचा घास?"

तिनं माझ्याकडं बघितलं. तोंडात घास तसाच.

"कोण थोरली?"

माझी नजर तिच्या गळ्याकडं गेली. काळा दोरा होता. टाक नव्हता. रिक्षावाल्याला फोन केला, नोटरीकडं विचारलं, घरभर झाडून काढलं. आजतागायत सापडला नाही.

मी चिकलठाण्याला परतले. म्हणलं, दगदग झाली असेल.

दोन-चार दिवसांनी शेजारच्या सोनियाचा फोन आला. आवाज दबका.

"ताई, काकू माझ्याकडं हळदीकुंकवाला येऊन बसल्यात."

"मग बसू दे की."

"तसं नाय हो. कपाळाला कुंकू लावलंय. वाण मागायल्यात. समद्या बाया बघायल्यात, मला काय बोलावं सुचंना."

मी तशीच स्कूटी काढली.

आई बायकांच्या रांगेत ताठ बसली होती. कपाळावर ठसठशीत कुंकू. मी हाताला धरून घरी आणलं. ती पुढं, मी मागं. घरात शिरली आणि फरशीवर...

ठण्. ठण्.

जोडव्यांचा आवाज.

मी तिच्या पायांकडं बघितलं. बोटं उघडी होती. आबा गेले त्या दिवशी तिची जोडवी मीच उतरवून कपाटात ठेवली होती. कपाट उघडलं. पुडीत तशीच होती.

दगडाबाई मात्र सवाष्ण गेली होती. जोडव्यांसकट.

"आई," मी म्हणाले, "आबा गेलेत गं. कुंकू का लावलंस?"

ती हसली. तसं हसणं मी तिच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. नव्या नवरीचं हसणं होतं ते.

"येडी का गं तू? सुट्टी मंजूर व्हायलीय त्यांची. तार येईलच आज-उद्या."

तिनं माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"लई मोठी झालीस. मला तर लेकरूच नव्हतं झालं... पर कागदावर हायेस म्हणं तू माझी. बरं झालं."

मी त्या दिवशी बाथरूमची कडी लावून रडले. आई समोर उभी असताना आईची आठवण येणं काय असतं, ते कुणाला सांगून कळायचं नाही.

तर, डॉक्टर. दाखवले. डोक्याचा फोटो काढला. वयामानानं ठीक आहे म्हणाले, विसराळूपणाच्या गोळ्या दिल्या. चालू आहेत.

पुढं नावाची दुरुस्ती मंजूर झाल्याचं पत्र आलं. पेन्शन सुरू झाली, कार्ड आलं, डोळ्यांचं ऑपरेशनही नीट पार पडलं. पट्टी निघाली त्या दिवशी मी आरसा आईच्या हातात दिला. तिनं बघितलं...

आणि किंचाळली.

"ही म्हातारी कोन हाय? काढा तिला! काढा!"

घरातले आरसे आता माळ्यावर आहेत.

मी सत्यमला म्हणाले, परत अर्ज कर. ते नाव काढून टाक. खरं काय ते लिहून दे.

"काय लिहू ताई?" तो माझ्याकडं बघत नव्हता. "आमची आई बदलली, असं? उलट खोट्या ॲफिडेविटची केस व्हईल माझ्यावर."

तो आईजवळच राहतो, पण हल्ली सारखा ओव्हरटाइम करतो. जेवण कंपनीतच उरकतो. तोही तिला घाबरतो, फक्त कबूल करत नाही.

परवाच्या रविवारी मी शेंद्र्याला गेले. मेथीची भाजी केली, आईला आवडते म्हणून. ती खाली बसली. गुडघा वाजला नाही. आता मी वाटही बघत नाही.

तिनं भाकरी मोडली, भाजी लावली... आणि पहिला घास ताटाच्या कडेला काढून ठेवला.

एवढ्या महिन्यांनी!

"आई! आठवलं तुला? थोरलीचा घास!"

तिनं मान वर केली.

"थोरली तर मीच की गं."

मग बोटानं तो घास जरा नीट केला.

"ह्यो धाकटीचा हाय. जेव गं भागू."

मला तिथून उठून पळावंसं वाटलं. पण मी तशीच बसून राहिले. ती सावकाश जेवली, हात धुवायला बाहेर नळावर गेली. पाण्याचा आवाज यायला लागला.

ताटात तेवढा एक घास उरला होता.

काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्याच्याकडं बघून हळूच म्हणाले, "आई, जेव."

काही नाही...

मग ताटाच्या पलीकडं, रिकाम्या पाटापाशी...

कट्.

बाहेर नळ चालूच होता. पाटावर कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून मला नीट जेवण जात नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरते. आईला साखरेचं दुखणं आहे. तिला वेळेवर पोटभर खावं लागतं, नाहीतर चक्कर येते.

नुसत्या एका घासावर ती कशी राहत असेल?